केस नसलेली करडं

१२ ऑगस्ट १९८६
आलो एकदाचे! बोरीहून पुढं एस.टी., मग बैलगाडी. जनावरांच्या दवाखान्यात यांची पहिलीच नेमणूक. इथले बडे जमीनदार दत्तराव, त्यांनी मळ्यातलं घर राहायला दिलंय. परसात, ओढ्याला लागून विहीर. पाणी इतकं गोड की दोन तांबे प्याले. मला तिसरा महिना. शेजारची कोंडाबाई शेळीचं दूध घेऊन आली. म्हणाली, पोटुशीनं लाजू नये, पोटभर खावं.

३० सप्टेंबर
कोंडाबाईच्या शेळीला दोन करडं झाली. कौतुकानं बघायला गेले. अंगावर केसच नाहीत. कातडी ओल्या पापडासारखी, आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. बोट लावलं तिथं साल निघाली. कोंडाबाईनं घाईनं पदर टाकला. "थंडीनं झालंय, बाई. कुनाला सांगू नका." सप्टेंबरात कसली थंडी?

१९ ऑक्टोबर
आणखी तीन शेळ्यांची तशीच करडं. यांनी कातडीचा तुकडा परभणीला तपासायला पाठवला. दत्तराव दोनदा विचारून गेले, काय कळलं म्हणून. ओढ्यावर त्यांची चार-पाच वर्षांपूर्वी घातलेली शेड आहे. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. राख ओढ्यातच.

२ डिसेंबर
या वस्तीत एकही पाळणा नाही. चार वर्षांखालचं मूल मी अजून पाहिलेलं नाही. कोंडाबाईला विचारलं, तर ती उठूनच गेली.

१० डिसेंबर
यांच्या खिशात रिपोर्ट सापडला. महिन्यापूर्वीचा. करडांच्या कातडीत शिसं. शेळ्या गाभण असताना पाण्यातून गेलेलं. हे तर म्हणत होते, अजून आला नाही.
महिनाभर हे बोरीहून पाण्याचे कॅन आणतात. दवाखान्यासाठी, म्हणाले होते. घरचं पाणी यांनी महिनाभर तोंडाला लावलं नाही. आणि मी —

११ डिसेंबर
विचारलं. म्हणाले, तू घाबरशील म्हणून. आणि आता ते पाणी सोडून तरी काय उपयोग —
विहीर बंद. माहेरी निघाले. गाडी जुंपायला कुणीच आलं नाही. दत्तरावांनी मना केलंय म्हणे.

२४ जानेवारी, सकाळ
कळा. आठवाच महिना. यांनी दत्तरावांची जीप मागितली. बिघडलीय म्हणे. काल तर चालत होती.
सुलाबाई सुईण आली. म्हणते, "भिऊ नका. आमच्या समद्यांचं हितंच झालं. कुनाला दाखवलं न्हाई."
काय दाखवलं नाही?
ती जुनं लुगडं फाडायला लागली —
हे दाराशी. आत येत नाहीत. दत्तरावांशी हळू बोलायलेत —
मी ओरडून सांगितलंय, मूल आधी मला. कसंही असलं तरी आधी माझ्या हातात —