दुसऱ्या दिवसासाठी घर

मी, या घराची मालकीण, धंद्याने पाट्या रंगवणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर अजून वळणदार आहे, यावरून वाचणाऱ्याने काय ते समजावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझा मुलगा वर्षभर एका गोष्टीसाठी मागे लागला आहे, पण मागे लागण्याला मी दाब म्हणत नाही. तो लहानपणापासून असाच आहे.

याआधी केलेल्या मृत्युपत्रात सगळे मुलाच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. घर. दोन खोल्या आणि मागे रंगकामाची पडवी असे हे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. पती लवकर गेले. त्यांच्यामागे मी दुकानांच्या पाट्या रंगवून ते उभे केले. माझ्या पश्चात ते माझ्या सुनेच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. मुलाला त्यात हयातभर राहण्याचा हक्क असेल. ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा कोणाला दान देण्याचा हक्क त्याला नसेल.

सासूने सुनेला घर दिले हे ऐकून गल्लीतले लोक म्हणतील, आता खरोखरच जगाचा शेवट जवळ आला. म्हणू द्यावे.

मृत्युपत्रात कारण देण्याची गरज नसते, असे शेजारचे घड्याळजी म्हणतात. मी देते. आपण कारण दिले नाही की लोक स्वतःचे तयार करतात.

माझा मुलगा ज्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेला जातो तिने जगाच्या शेवटाची तारीख काढली आहे. आमच्या पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकात जगाच्या अंताआधी येणारे शिक्के, कर्णे आणि वाट्या ओळीने मांडून, प्रत्येकाला वर्तमानपत्रातली एकेक बातमी जोडून ती काढली. ती येत्या वर्षातली आहे. मंडळीतल्या काही कुटुंबांनी घरे विकून पैसे प्रचाराला दिले. मुलालाही तेच करायचे आहे.

“आई, घर मंडळीच्या नावे कर. मोठा तंबू घेऊ, गावोगाव जाऊन सांगू. वेळ थोडा उरलाय.”

“तंबूवाल्याकडून म्हणे पाच वर्षांची हमी मागितलीस?”

“कापड चांगलं असावं म्हणून गं.”

“मग माझ्या सुनेच्या डोक्यावरच्या छपरालाही तेवढी हमी दे.”

तो हसला. हसला की मला त्याचे लहानपणचे तोंड दिसते.

सून दवाखान्यात नर्स आहे. नवऱ्याला ती उलट बोलत नाही, माझ्याजवळ बोलते. “आई, मला जगाच्या शेवटाची भीती नाही हो. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन कुठं जायचं, तेवढं कोणीतरी सांगा.” ते या कलमाने सांगितले आहे.

२. वडिलांची मिळकत. माझ्याकडे वडिलांकडून आलेले काही नाही. का नाही, हे नातीला पुढे कळावे म्हणून लिहून ठेवते.

वडील गवंडी होते. आमचे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले होते. त्यांच्याही मंडळीने अशीच एक तारीख काढली. वडिलांनी घर एका व्यापाऱ्याला जवळजवळ फुकट दिले आणि आलेले पैसे वाटून टाकले. त्या दिवशी आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून वीटभट्टीमागच्या मैदानावर उभे राहिलो. ऊन तापले. लहान मुले रडू लागली. दुपार कलली तसे कोणीतरी म्हणाले, दिवस सूर्यास्तापासून मोजायचा असेल. सूर्य मावळला. मग लोक एकमेकांकडे न बघता एकेक करून घरी गेले. आम्हाला जायला घर नव्हते.

आईने आमच्याच दाराची कडी वाजवली. व्यापाऱ्याच्या बायकोने उघडले.

“आत राहिलेलं तेवढं पातेलं द्याल का? पोरांना काहीतरी शिजवून घालते.”

तिने पातेले दिले, झाकण दिले नाही. आई पुढे कितीतरी वर्षे त्यावर ताटली ठेवून शिजवत असे. झाकण मागायला ती परत गेली नाही.

आईने वडिलांना कधी एक शब्द विचारला नाही. बाकी सगळ्यांनी विचारले. नळावर, न्हाव्याकडे, कामावर. “काय मिस्त्री, गाडी चुकली वाटतं?” “आता पुढची कधी?” ते दुसऱ्यांच्या भिंती बांधायला मान खाली घालून जात आणि तशीच घालून परत येत. उपासनेला पुन्हा गेले नाहीत. देवावर त्यांचा राग नव्हता. तिथे माणसे असत.

भाड्याच्या खोलीत वारले. त्या खोलीची भिंत वाकडी होती आणि ते शेवटपर्यंत तिच्याकडे बघत असत.

३. पडदा. मंडळीच्या सभेत लावण्यासाठी त्या शेवटच्या पुस्तकातली दृश्ये मी ज्यावर रंगवली तो कापडी पडदा मुलाला द्यावा. मुलाने मागितला म्हणून मी तो रंगवला, आणि त्या पुस्तकावर माझे त्याच्याइतकेच प्रेम आहे. वचने त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, हेही नमूद करते.

काम सुरू केले तेव्हा मी विचारले, “श्वापदाला सात डोकी आणि दहा शिंगं. कुठल्या डोक्यावर किती?”

त्याने पाने उलटली. “तसं लिहिलेलं नाही.”

“मग मी काय करू?”

“बसव कशीतरी.”

मी तीन डोक्यांना दोन-दोन दिली, बाकीच्यांना एकेक. श्वापद वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखे दिसू लागले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नसावीत, ऐकण्यासाठी असावीत. पुस्तक लिहिणाऱ्याला सांगितले जाते की सिंह आला आहे. तो पाहतो, तर समोर कोकरा, तोही वधलेला. ऐकले एक, दिसले दुसरे, आणि दोन्ही खरे. मुलाने मला त्या जागी सिंह काढायला सांगितले होते. मी कोकरा काढला. त्यावरून आमचा आठवडाभर अबोला होता.

“सिंह असता तर लोक घाबरले असते, आई.”

“म्हणूनच नसेल.”

मी तरुण असताना जवळच्या कारखान्यात संप झाला. कामगारांनी माझ्याकडून भिंतीवर एक बैल रंगवून घेतला. डोक्यावर मालकासारखी टोपी, तोंडात चिरूट, पायाखाली कामगारांचे जेवणाचे डबे. नाव कुठेच नाही. येणारा-जाणारा हसत होता. पोलीस आले. “हा कोण?” एक म्हातारा कामगार म्हणाला, “बैल आहे, साहेब.” पोलीस निघाले तेव्हा त्यांतला एकजण तोंडावर रुमाल धरून होता.

ते पुस्तक लिहिणाराही एका बेटावर हद्दपार होता, आणि त्याच्या लोकांना छळणाऱ्या साम्राज्याचे नाव उघड लिहिणे सोपे नव्हते, असे आमच्या चर्चचे जुने पाळक सांगत. त्याने श्वापद लिहिले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना कळले. आता कोणी माझ्या बैलासमोर उभे राहून हा कुठल्या साली येणार असे विचारले, तर काय सांगावे? मुलाला मी हेच म्हटले.

“म्हणजे सगळं तेव्हाच संपलं? आपल्यासाठी काहीच नाही?”

“असं कुठं म्हटलं मी? मालक बदलतात, टोप्या बदलतात. बैल ओळखायला शीक, म्हणतो तो लिहिणारा. त्याच्यापुढं वाकू नको. आणि घाबरू नको.”

“तू शास्त्र फार सोपं करतेस.”

“तू त्याचं वेळापत्रक करतोस.”

इथे आम्ही थांबायला हवे होते. पण मग पुस्तकात श्वापदाच्या नावाचा जो आकडा दिला आहे त्यावर गाडी गेली. त्या काळी अक्षरांनाच आकड्यांची किंमत असे. नावाची बेरीज करून माणूस सुचवायचा ही जुनी रीत, आणि पहिल्या वाचकांना तो माणूस ठाऊक असावा. मुलगा मात्र आजच्या राज्यकर्त्यांची नावे घेऊन बेरीज जुळेपर्यंत सोडत नाही. मी त्याच्याच पद्धतीने आमच्या दूधवाल्याचे नाव जुळवून दाखवले. सून पदराआड हसली. मुलगाही हसला. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला आणि नात दाराआड जाऊन लपली. ती किंचाळली नाही की रडली नाही, नुसती लपली. त्यानंतर मी या विषयावर विनोद केलेला नाही.

पडद्यावर तारीख रंगवू नये अशी अट मी आधी लिहिली होती. ती खोडली आहे. वस्तू दिली की दिली. लहान मुलांसमोर तो उघडू नये, एवढी आईची विनंती.

४. हत्यारे. कुंचले, रंगाचे डबे आणि हात टेकवायची काठी, हे सर्व गाड्यांच्या नंबर-पाट्या रंगवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला द्यावे. तिचे आकडे सुरेख आहेत. अक्षरे ती फार चिकटवते. तिला सांगावे की दोन अक्षरांमधली जागा हेही कामच आहे.

माझी लांब शिडी मुलाच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ मागून घेऊन गेले. सगळे त्यांना ‘कर्णेवाले’ म्हणतात, कारण सातव्या कर्ण्याशिवाय ते दुसरे बोलत नाहीत. दोनदा निरोप पाठवला. “बहिणी, आता शिडी कशाला? दिवस थोडे राहिले,” असे उत्तर आले. शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. वर जायला उपयोगी पडेल.

५. बचत. बँकेत आहे ती नातीच्या शिक्षणासाठी, सुनेच्या देखरेखीखाली. पुढच्या वर्षी शाळेच्या पुस्तकांची गरज पडणार नाही असे मुलाचे मत आहे. पुस्तके घ्यावीत.

६. दफन. साधे असावे. त्या वेळी कोणी शिक्के आणि कर्णे यांवर उपदेश करू नये. लोक उन्हात उभे असतील.

७. तो दिवस उलटल्यावर. हे कलम सुनेसाठी आहे. मी तोवर असेन किंवा नसेन.

त्या तारखेला मुलगा मंडळीबरोबर कुठेतरी वाट बघत असेल. त्याला अडवू नये. सुनेने कामावर जावे, नातीने शाळेत. प्रभू आलाच तर कामात असलेला सेवक त्याला आवडतो, हेही शास्त्रातच आहे. आला नाही, तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मुलगा घरी येईल.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, श्वापद आणि अजगर संपल्यावर, एक शहर आहे. पाळक बोट ठेवून दाखवत: माणसे वर जात नाहीत, शहर खाली येते. देव माणसांच्यात राहायला येतो. आणि त्या शहराच्या वेशी कधी बंद होत नाहीत. मुलाच्या तारखांच्या तक्त्यात हे शहर अगदी कडेला, बारीक अक्षरात आहे, कारण तिथे जागाच उरली नव्हती. माझ्या समजुतीने आधीचे सगळे त्याच्यासाठी लिहिले आहे. म्हणून पुढील सूचना.

घर सुनेचे असले तरी त्या दिवशी दाराला आतून कडी लावू नये. तो आला की त्याला तारीख, हिशेब, मंडळी, कशाबद्दलही विचारू नये. शेजारी चौकशीला आल्यास म्हातारीने मृत्युपत्रात मनाई केली आहे असे सांगून त्यांना दारातूनच परत पाठवावे. त्याला जेवायला वाढावे. नातीने शाळेत काय झाले ते त्याला सांगावे. तो काही न बोलता नुसता बसून राहिला, तर बसू द्यावे. पुढे त्याने नवी तारीख काढली, तरी हे कलम लागू राहील.

येथपर्यंतचा मजकूर माझाच आहे. घड्याळजींनी तो मोठ्याने वाचला, मी ऐकला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: घरामागची पडवी.
दिनांक: तिघांनी आपापल्या सहीखाली घातला आहे.

सही: घरमालकीण, पाट्या रंगवणारी

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी. (“अहो, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत,” अशी त्यांनी वाचताना दोन ठिकाणी हरकत घेतली. नोंद केली आहे.)

साक्षीदार: आमचे निवृत्त पाळक

खालचा मजकूर माझ्या मुलाच्या हातचा आहे. तो साक्षीदार नाही. सह्या झाल्यावर तो कामावरून आला, त्याने कागद वाचायला मागितले आणि मी दिले.

पूर्ण वाचले. घराबाबत माझी हरकत नाही. तारखेबाबत आई चुकते आहे. दाराची एक किल्ली माझ्याजवळ राहू द्यावी.