निंबाकडची खोली निताची

मी, संगीता उकंडराव गोटे, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, धंदा शेती, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं जाग्यावर आहे. कोणी धमकावलं नाही, कोणी फूस लावली नाही. आजारही नाही. उलट आज इतका हुरूप आहे की पेन आपोआप पळून राह्यला. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

घाई काहून, तर परवा माझा मुलगा प्रज्वल म्हणाला, "आई, निंबाकडची खोली रिकामीच पडते. औंदाच्या सोयाबीनची पोती तिथं लावू."

"रिकामी? तिथं तुही बायको झोपते."

"दिवसा कोन झोपते, आई?"

तिथंच ठरवलं, लिहून टाकायचं.

कलम एक. राहतं घर माझ्या वडिलांनी दिलेल्या जागेवर आहे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते प्रज्वलला मिळावं. पण निंबाकडची खोली, पंखा आणि बाजेसकट, माझी सून निता हिच्या एकटीच्या मालकीची. तिथं पोती, कांदे, फवारणीचा पंप, पाहुणा, काहीही ठेवू नये.

कारणही लिहिते. माझ्या सासूबाई सोजरबाई आता नाहीत. पण दिवसा बाज करकरली की त्या अंगणातून विचारत, "कोन आजारी पडलं वो?" त्यामुळे ताप आल्याशिवाय मी कधी पाठ टेकली नाही. ताप आला की मले बरं वाटे!

मग औंदाचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी माझे मालक उकंडराव बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळत होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलांच्या कानात किती प्रेमानं! आमी सासू-सुना निंदनावरून नुकत्याच आलो होतो, पुरणाची डाळ निवडायची होती. मले काय झालं कोण जाणे, निताचा हात धरला आणि बैलांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"हे काय वो?" मालक म्हणाले.

"आमालेही आवतन द्या. आमीही सालभर वढलं."

ते हसले. हसता हसता थांबले. मग हात पुसून म्हणाले, "घ्या आवतन."

दुसऱ्या दिवशी बैलांच्या मानेवर जू नाही, आमच्या हातात लाटणं नाही. पोळ्या बापलेकांनी लाटल्या. नुसते नकाशे! बैलांनी तक्रार केली नाही. आमी दोघी त्या खोलीत आडव्या. काय झोप ती! एकेक सांधा सुटा झाला. उठून पाहते तर घर उभं, शेत जाग्यावर. तेव्हापासून रोज जेवण झालं की आमी झोपतो.

पण निता अजून दचकते. फाटक वाजलं की उठून झाडू हाती घेते, जशी चोरी पकडली. मी आहे तोवर फाटकात जाऊन सांगते, "सून झोपली हाय, हळू बोला." मी नसल्यावर कोण सांगणार? म्हणून खोली तिच्या नावावर. आपल्याच खोलीत झोपाले कोनाले विचारायचं!

कलम दोन. विळे, खुरपी प्रज्वलला. धार लावणंही शिकावं.

कलम तीन. बँकेत निघेल ते मालकाले. त्यातून सुगीत स्वयंपाकाला बाई लावावी.

कलम चार. नणंद मंजुषाबाई, मुक्काम कारंजा. माझ्या झोपेची बातमी यांनी साऱ्या गोतात फिरवली. फोनवर म्हणाल्या, "वहिनी, सुनेनं बिघडवलं वाटते तुमाले!" नाही बाई, मीच तिले बिघडवलं. माझी सावरीच्या कापसाची उशी तुमाले देते. टोमणा नाही. दुपारी दार लावा आणि खरंच डोकं टेका.

कलम पाच. मी गेल्यावर "बिचारी राब राब राबली" म्हणून कोणी रडू नये. राबली हे खरं. झोपली हेही सांगावं.

वरचं सगळं आज भरदुपारी अंगणात मोठ्यानं वाचलं. प्रज्वल म्हणाला, "मंग सोयाबीन कुठं लावू?" म्हटलं, "तुया बाजेखाली." बाकी कोणाची हरकत नाही. सही करायला बसलो तर साक्षीदार जगदेवभाऊ सवयीनं ओरडले, "सूनबाई, चहा टाका!" खोलीतून कूस बदलल्याचा आवाज आला. म्हणजे तिनं ऐकलं. आमी सगळे दाराकडे पाहत राहिलो.

उठली नाही!

चहा प्रज्वल करून राह्यला आहे.

सही: संगीता उकंडराव गोटे

साक्षीदार, दोघेही शेजारी:
१. जगदेव लहाने
२. देवानंद राठोड

ठिकाण: मेडशी
दिनांक: ५ ऑक्टोबर २०२५