अण्णांच्या गादीखालचं मिठागर

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही गं. घाटकोपरहून मुलुंड ते किती लांब! मनात आलं की मी उठून येत होते. आज मात्र लिहायलाच बसले, कारण उद्या सकाळी दादा तुझी चित्रं फ्रेमवाल्याकडे नेणार आहे. पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझं प्रदर्शन आहे. हो, तुझं! तू असतीस तर हा बेत केव्हाच हाणून पाडला असतास.

सगळी चित्रं जमली, एक सोडून. ते कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण अण्णा गादी उचलू देत नाहीत.

लोकांना सांगितलं तर हसतील, पण आपले अण्णा वर्षानुवर्षं तुझ्या चित्रांवर झोपले. जलरंगाचा कागद वाळला की पापडासारखा वाकडा व्हायचा. मग तू त्याला पाठीमागून हलकंसं पाणी लावायचीस, वर्तमानपत्रात घालायचीस आणि सरकवायचीस त्यांच्या गादीखाली. माझ्या नाही, दादाच्या नाही. "ह्यांच्या वजनाचो कायतरी उपयोग होवंदे," म्हणायचीस. ते कामावरून दमून यायचे आणि निमूट तलावावर नाहीतर डोंगरावर आडवे व्हायचे. कागद सपाट झाला की तू 'काढा' म्हणायचीस, तेव्हाच ते चित्र काढून द्यायचे. चित्राबद्दल बरं-वाईट एक अक्षर कधी बोलले नाहीत. तुला राग नाही यायचा? मला यायचा.

तुझं काम दुपारचं. भांडी विसळून झाली की जेवणाच्या टेबलावर टवके उडालेल्या बशा मांडायचीस आणि त्यांत रंग कालवायचीस. आधी कागदावर नुसतंच पाणी फिरवायचीस आणि मग थांबायचीस. किती थांबायचीस! पाण्याची चमक गेली की मगच पहिला रंग. तेवढ्यात बेल वाजली तर दार उघडायचं आम्ही. एकदा आभाळ ओलं असताना मी बोटानं ढग सारखा करायला गेले. तू ओरडली नाहीस.

"ओला आसा तवसर हात लावू नको गो. चिखल होतलो," एवढंच म्हणालीस.

आई, लग्नानंतर हे मला किती उपयोगी पडलं म्हणून सांगू! भांडण ताजं असताना तोंड उघडायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी सासरी निभावून नेलं. तुझे आभार मानायचे राहूनच गेले.

आणि रविवारची सकाळ! अख्खी सोसायटी टीव्हीसमोर बसलेली असायची आणि आपण दोघी निघायचो हायवेपलीकडे, मिठागराकडे. तू स्टुलावर, मी छत्री धरून मागे उभी. मिठाच्या राशींना तू रंग लावायचीच नाहीस. भोवतालचं पाणी, खाजण, आभाळ रंगवायचीस आणि राशीपुरता कागद कोरा सोडायचीस. पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब तर मला खेळायला देऊन टाकली होतीस. रंगवण्यापेक्षा सोडायला जास्त धीर लागतो, असं तुझं म्हणणं. मला तेव्हा कंटाळा यायचा, हात भरून यायचा. पण एखादी गोष्ट नीट बघायची कशी, ते मी तिथेच शिकले गं.

एक तक्रार मात्र आहे. आमचं एकही चित्र का नाही काढलंस? विचारलं की म्हणायचीस, तुम्ही हलता. जा, अजून रागावलेय मी!

शेवटचं चित्रही मिठागराचंच. मे महिन्यात केलंस, गादीखाली घातलंस आणि त्याच आठवड्यात गेलीस. आता पावसाळा आहे, भिंतींना ओल आली आहे. अशा हवेत कागदाला बुरशी धरायला किती वेळ लागतो? दादा चिडून झाला, आत्या समजावून थकली. अण्णा ढिम्म. तुझं शेवटचं काम असं सडून जाणार, या धास्तीनं मला झोप लागेना. म्हणून आज स्वतःच आले.

अण्णा पलंगावर बसले होते. मी म्हटलं, बुरशी लागेल हो अण्णा. ते उठले, गादी दुमडली आणि वर्तमानपत्राची घडी काढून माझ्यासमोर उघडली. वर्तमानपत्र कालचं होतं! आई, ते रोज कागद बदलताहेत. विचारलं तेव्हा कळलं, रोज घडी उघडून चित्र पंख्याखाली धरतात आणि कोरड्या कागदात घालून परत गादीखाली ठेवतात. चित्रावर एक डाग नव्हता. कागद तर केव्हाच सपाट झाला होता.

मी हात पुढे केला. त्यांनी घडी मिटली, जागच्या जागी ठेवली आणि वर गादी अंथरली.

"तिना 'काढा' म्हटल्याशिवाय मी कधी काढलंय काय?" म्हणाले.

या माणसाला तुझ्या चित्रांचं काही नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

दादाला सांगितलंय, ते चित्र राहू दे. तुला शब्द देते आई, ती गादी मी कुणालाही उचलू देणार नाही. प्रदर्शनात कुणी विचारलंच, तर सरळ सांगेन की शेवटचं चित्र घरी आहे, अण्णा त्यावर झोपलेत.

तुझीच,
सुमी