डोळ्यात पिळलेला पाला

प्रिय अंकिता,

नालवाडीला आईकडे येऊन मला वर्ष झालं, तरी तुमच्या हिंगणीच्या घरातला तो वास नाकातून जात नाही. चावलेल्या पाल्याचा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा.

तू तेव्हा आष्टीहून माहेरी आली होतीस. भाकरी थापता थापता माझ्या डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला. दुखलं नाही, डोळा लाल झाला नाही, नुसती नजर गेली. तुझा भाऊ रुपेश मला दवाखान्यात न्यायला निघालाही होता. पण तुझी आई दारात आडवी झाली. "पोटातले तीन खाल्ले हिनं, आता सोताचा डोयाबी खाऊन राह्यली!" आणि त्यानं गाडीची चावी खुंटीला अडकवली. इतक्या मुकाट्यानं, की मला त्याचीच जास्त किळस आली.

मग तो बाबा आणला. भिंतीवर तथागतांचा फोटो आणि खाली हळद, लिंबू! त्यानं खर्रा थुंकला, पाला चावला आणि थुंकीसकट तो चोथा माझ्या उघड्या डोळ्यात पिळला. पाय रुपेशनं धरले होते. डोकं तू.

माझ्या आईनं मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरबाई चिडल्याच, "इतके दिवस काऊन थांबले?" डोळ्याच्या पडद्याची नस गुठळीनं बंद झाली होती. माझं शरीरच असं काही तयार करतं की रक्त गोठतं. वारेत गुठळ्या होऊन माझी तिन्ही बाळं त्यानंच गेली, असं त्या म्हणाल्या. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. त्या डोळ्याला हललेला हात तेवढा कळतो. रुपेश एकदा येऊन गेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईचं मन राखलं."

परवा तुझी काकू बाजारात भेटली. तुझंही दुसऱ्यांदा पडलं म्हणाली, आणि तुझी आई तुला त्याच बाबाकडे नेणार आहे. घरी येऊन मी ओकले. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? पण मी डॉक्टरबाईंना विचारून आले. तुला हेच असेल असं नाही, तरी दोनदा गेलं की रक्त तपासायला हवं. आधी कळलं तर औषधांवर बाळ टिकू शकतं. घरी कोणाला सांगू नको. सोमवारी पहिल्या एसटीनं ये, मी वर्ध्याच्या स्टँडवर थांबते. फक्त माझ्या उजव्या बाजूनं ये, डावीकडून आलीस तर मला दिसणार नाहीस.

रागावलेली, तरी तुझीच,
पौर्णिमा