कुलूप लावून केलेला पाहुणचार

धाड,
ता. १८ नोव्हेंबर १९६३, सोमवार

तीर्थरूप शेषरावदादा यांच्या सेवेशी,

धाकटी बहीण पुष्पा हिचा प्रभूमध्ये सलाम. आपली, सौ. वहिनींची आणि लेकरांची प्रकृती चांगली असावी, अशी माझी रोजची प्रार्थना आहे. वहिनींच्या कमरेत उसण भरली होती, ती उतरली का? खामगावला जमादार झाल्यापासून आपल्याला धड जेवायलाही फुरसत नसते असं ऐकते, तरी वेळेवर दोन घास खात जावे. (इथवर ‘आपण’ झालं. शाळेत बाईंनी वडीलधाऱ्यांना असंच लिहायला शिकवलं होतं. पण मला आज लांब लिहायचं आहे, आणि ‘आपण, आपण’ करत मनातलं काही निघायचं नाही. म्हणून आता ‘तू’. राग मानू नको.)

तुझे मेव्हणे मजेत आहेत. प्रचारक माणसाला मजेत राहायला काय लागतं रे? कोणीतरी अनोळखी माणूस दारात उभा राहिला की यांचा दिवस गोड. अनोळख्याला आसरा दिला तर न जाणो देवदूतच जेवून जाईल, हे यांचं आवडतं वचन, आणि भाकरी थापायला मी. चौदा वर्षांत आमच्याकडे जेवून गेलेल्या देवदूतांपैकी एक जण अकरा दिवस राहिला आणि जाताना म्हणाला की बाईंच्या भाकरी जरा जाड होतात. दुसरा गेल्या साली देवळातली सतरंजी घेऊन गेला. (हे म्हणाले, थंडी वाजत असेल बिचाऱ्याला. मी म्हटलं, साठ माणसांची सतरंजी होती हो, एकट्याला अशी किती थंडी वाजेल?) तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच गुलाबराव यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की यापुढे प्रचारकाच्या पाहुण्यामुळे मंडळीची काडी जरी हलली, तरी बुलढाण्याच्या पाद्रीसाहेबांना सांगून यांची बदली करवतो. गुलाबराव तोंडाचे फटकळ आहेत, पण बोलतात ते करतात. माझा जीव या दोन खोल्यांत अडकला आहे, दादा. हाताने लावलेला शेवगा यंदा कुठे शेंगांना आला. त्यामुळे वर्षभर मी दाराची कडी वाजली की आधी माणसाच्या काखेत काय आहे ते बघते.

आता झालं असं. काल रविवारी आमचा हंगामाचा सण होता. नव्या पिकातलं पहिलं माप लोक देवाला आणून देतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा देवाच्या दयेने पीक बरं, म्हणून शुक्रवारपासूनच आमच्या बाजूच्या खोलीत ज्वारीची पोती, भुईमुगाच्या शेंगा, भोपळे, वांगी, टोपलीभर पेरू आणि जनकाबाईने दिलेला एक कोंबडा असा सगळा माल येऊन पडला होता. (कोंबडा मोठा आगाऊ. मला दोनदा चोच मारली.) पाहुण्याला झोपवायची खोलीही तीच. गुलाबराव शनिवारी सकाळी येऊन सगळं डोळ्यांखालून घालून गेले आणि जाताना नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’ने मला दिवसभर घास गेला नाही.

आणि त्याच दिवशी, पाचच्या यष्टीने, तो आला. उंच, काळासावळा, मिशा या कानापासून त्या कानापर्यंत, आणि डोक्या-गालांवरून घट्ट बांधलेलं फडकं, फक्त डोळे आणि मिशा दिसताहेत. काखेत एक लांबट गाठोडं, ते चालताना खळखळ वाजतंय. नाव विचारलं तर ‘कारभारी’ एवढं कसंबसं म्हणाला, गाव विचारलं तर वरवट बकालच्या दिशेला हात केला. दाढ ठणकत होती, यष्टीच्या हादऱ्यांनी जीव जायला लागला म्हणून मधेच धाडला उतरला, हे त्याने हातवाऱ्यांनीच सांगितलं. यांना तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. मी यांना आत बोलावून म्हटलं, देवदूताले एवढ्या मिशा असतात काय हो? तर म्हणाले, शास्त्रात मिशांबद्दल काही लिहिलेलं नाही.

तो पाय धुवायला विहिरीवर गेला. मी काय करावं? (तू जमादार आहेस, तूही हेच केलं असतंस.) गाठोड्याची गाठ सैल करून आत बघितलं. दादा, किल्ल्या! दोनशे तरी असतील. पेटीच्या, कपाटाच्या, वाड्याच्या दरवाजाच्या, शिवाय तीन कानशी आणि वाकवलेल्या तारा. एवढ्या किल्ल्या जवळ बाळगायला याची काय दोनशे घरं आहेत? यांना सांगितलं, तर हे डोळे मिटून म्हणतात, स्वर्गाच्या किल्ल्यासुद्धा कोणाकडे तरी दिलेल्याच आहेत ना, पुष्पा. आता या माणसापुढे कोणी डोकं फोडावं! ओट्यावर झोपवा म्हटलं, तर दाढ दुखणाऱ्याला कार्तिकातल्या थंडीत उघड्यावर कसं टाकायचं, म्हणून हेच ओट्यावर झोपायला निघाले. त्यांचा खोकला तुला माहीत आहे.

मग मी माझं डोकं चालवलं. चोराला मालासकट कोंडलं, तर माल जाईल कुठे? त्याच्याकडे किल्ल्या आहेत खऱ्या, पण कुलूप बाहेरून असल्यावर आतल्या किल्ल्यांचा काय उपयोग? म्हणून आधी त्याला दूधभात मऊ कालवून दिला, दाढेत धरायला लवंगा दिल्या, माझी जाड गोधडी दिली, आणि तो पडल्यावर देवळाचं जुनं मोठं कुलूप आणून खोलीला ठोकलं. दयेची दया झाली आणि बंदोबस्ताचा बंदोबस्त. किल्ली अशा जागी ठेवली की चोराच्या बापालाही सापडू नये, आणि गाढ झोपले.

सकाळी ती मलाही सापडेना. पदर झटकला, पिठाचा डबा उपसला, चूल चाळली, यांचे खिसे उलटे केले. लोक यायला लागले. पाद्रीसाहेबांची यष्टी यायची वेळ झाली. आत मंडळीचा सगळा हंगाम आणि पाहुणा, बाहेर मी. आतून दार वाजलं, आणि पाहुणा अगदी नम्रपणे म्हणाला, “बाई, मले जरासं बाहीर जा लागते.” (लवंगेने दाढेचा ठणका उतरला होता, माणूस चांगला बोलत होता.) मी म्हटलं, जरा दम धरा भाऊ, किल्ली सापडून नाही राह्यली. तर आतून हसू ऐकू आलं. हसतच म्हणाला, “काऊन घाबरता? माहा धंदाच तो हाय. मी आतून किल्ली करतो, तुमी बाहीरून लावून पाहा.”

किल्ल्या करणारा होता रे तो! गावोगाव फिरून लोकांची कुलपं दुरुस्त करतो. त्याने दाराखालच्या फटीतून एक कोरी किल्ली सरकवली. तिला दिव्याची काजळी लावायची, कुलपात घालून पिळायची, काजळी जिथे खरवडली जाईल तिथे तो आत कानशीने घासणार. मी काजळी लावली, पिळली, आत सरकवली. आतून खर्रर्र खर्रर्र. पुन्हा बाहेर. असं सात वेळा. तिकडे देवळात हे उपासना लांबवताहेत. सहा गाणी झाली, गुलाबराव उठायला लागले की हे “आणखी एक प्रार्थना” म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. सगळ्या राष्ट्रांसाठी प्रार्थना झाली, मग गुरांसाठी झाली. शेवटी पाद्रीसाहेबच कंटाळून बाहेर आले, आणि त्यांच्यामागून अख्खी मंडळी. त्यांनी काय पाहिलं, तर प्रचारकाची बायको गुडघ्यांवर, तोंडाला काजळी, दाताखाली जीभ, देवळाचं कुलूप फोडतेय आणि आतून एक माणूस तिला शिकवतोय. “बाई, हे काय?” साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, पाहुणा बाहेर काढून राह्यली. आणि तेवढ्यात खट् करून कुलूप उघडलं.

कारभारी कोणाकडेही न बघता धोतर आवरत शेताकडे धावला. गुलाबराव आत शिरले. पोती जागेवर, भोपळे जागेवर, आणि तो अवलादी कोंबडा गोधडीत मान खुपसून झोपलेला. तेवढ्यात कारभारी परत आला आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला की एक गुन्हा झाला, रात्री भूक लागली म्हणून एक पेरू उचलला, पण दाढेने चावू दिला नाही, तो परत टोपलीत ठेवलाय. पेरूवर एका दाताची खूण होती. लिलावात तो पेरू गुलाबरावांनीच घेतला, सगळ्यांत चढी बोली लावून, आणि तिथल्या तिथे खाल्ला. बदलीचं नावही काढलं नाही.

मी मात्र शरमेने अर्धी झाले होते. लिलाव झाल्यावर त्याला जेवायला वाढलं आणि माफी मागितली. तर म्हणतो, “नाही बाई, मले तं मस्त झोप लागली. किल्ल्या पाह्यल्या का लोक पयले मारतात, मंग कोंडतात. तुमी पयले दूधभात देल्ला.” असं म्हणून तो पुढची भाकरी मोडायला लागला. मला मेलीला रडू आवरेना. चुलीचा धूर झाला म्हणून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. एवढा मोठा माणूस, हातात एवढं कसब, आणि पोटभर जेवण नि मार न खाता झोप मिळाली तेवढ्यावर खूश.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना सलाम, लेकरांना पापा. शेवग्याच्या शेंगा सोबत पाठवत आहे.

तुझी आज्ञाधारक (कधी कधी) बहीण,
पुष्पा

ता. क. – पत्र टपालात टाकलेलं नाही. ते घेऊन जो गालाला फडकं बांधलेला माणूस तुझ्यापुढे उभा आहे, तोच कारभारी. त्याला बस म्हण, नाहीतर तो उभाच राहील. ठाणं बघून बिचकेल, म्हणून पत्र घरीच द्यायला सांगितलं आहे. तीन गावांत नुसत्या संशयावरून लोकांनी त्याला धरून मारलं आहे. खामगावच्या बाजारात कोपऱ्यात बसून धंदा करायची त्याची इच्छा आहे. तुझ्या सहीने चार ओळी लिहून दे की हा किल्ल्या करणारा आहे आणि जमादाराच्या बहिणीच्या ओळखीचा आहे. एवढं केलंस तर चौदा वर्षांची भाऊबीज एकदम पावली असं समजेन. आणि त्याची ती दाढ कोणा डॉक्टराला दाखव.

ता. क. दुसरा – हरवलेली किल्ली आत्ता सापडली, लवंगांच्या डबीत. म्हणजे देवळाच्या कुलपाला आता दोन किल्ल्या झाल्या, आणि ते कुलूप मी त्या बाजूच्या खोलीलाच राहू दिलंय. एक आमच्या खिळ्याला आहे. दुसरी मी कारभारीच्या गाठोड्यात घातली आणि त्याला सांगितलं, कधी धाडला उतरलात आणि आम्ही घरी नसलो, तर थंडीत ओट्यावर बसू नका, दार उघडून आत पडत जा. हे तुझ्या मेव्हण्यांना मात्र कळू देऊ नको हं, दादा. काल पाद्रीसाहेबांसमोर त्यांना असा घाम फुटला होता की सकाळपासून मलाच बजावताहेत, पुष्पा, दया ठीक आहे, पण अनोळखी माणसावर एवढा भरवसा बरा नव्हे.