वेणू म्हणाले की शुगर उतरली

३ ऑगस्ट

आज पुन्हा ‘वेणू’ म्हणाले हे! मी गवार निवडत होते. मागून हाक आली — अगदी मऊ. वळून पाहिलं तर शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरतायत, आणि माझ्याकडे बघून हसतायत. मशीन लावलं — ५४! पाण्यात ग्लुकोज कालवून पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. ठीक आली तशी भाकरी खायला लावली.

भाकरी संपायच्या आत सुरू — ‘आशा, चाय ठेव. बघत काय बसलीस?’ गेली वेणू.

५ ऑगस्ट

वेणू माझं माहेरचं नाव. दोघं जासईचेच आम्ही. मिठागराच्या बांधावर सायकल आडवी घालून हे ‘वेणू, वेणू’ करायचे. लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात ‘आशालता’ लिहायला लावलं, आणि त्याच दिवसापासून मी आशा. आईचा शब्द! दोन गोड शब्द बोलणंही त्या नावाबरोबरच गेलं. इन्सुलिन सुरू झाल्यापासून अधूनमधून परत येतंय — शुगर उतरली की.

कुणाला सांगायचं हे? हसतील.

८ ऑगस्ट

डॉक्टर कादंबरी म्हणाल्या, ‘शुगर उतरल्याची प्रत्येकाची खूण वेगळी. कुणी चिडतं, कुणी बरळतं. यांची काय?’

‘घाम येतो,’ म्हटलं. पुढचं गिळलं. तेवढं तरी माझं एकटीचं असू दे.

१३ ऑगस्ट

हे अजून दवाखान्यातच आहेत. इथेच बसून लिहिते.

काल अंगारकी. ‘इन्सुलिन घ्यायचं तर खायलाच हवं,’ म्हणून मी सकाळी भांडले. ‘देवाचं हाय, काय व्हत नाय!’ सुई मात्र रोजच्याएवढीच टोचून घेतली. पोटात नुसता चहा.

दुपारी हाक — ‘वेणू, बस ना गो. किती दिसांनी भेटतेस.’ ग्लुकोजचा ग्लास माझ्या हातात होता. देणारच होते. पण बसले! वाटलं, अजून एक वाक्य ऐकू. मग अजून एक. यांनी माझा हात हातात घेतला होता — शेवटचा कधी घेतला, आठवतही नाही.

मग जीभ जड झाली. डोळे फिरले. ग्लास ओठाला लावला तर गिळेनात! माझ्या ओरडण्याने शेजारची हेतल धावत आली. ‘काकू, तोंडात ओतू नका, श्वासात जाईल!’ तिनेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाईनमधून ग्लुकोज गेलं तेव्हा डोळे उघडले.

दोन वाक्यांसाठी माणूस घालवत होते मी.

१४ ऑगस्ट

डॉक्टरांना सगळं सांगितलं — नाव, ग्लास, माझं बसणं. हे शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडले होते. डोस कमी झाला, उपास बंद. ‘हीच खूण पक्की. हाक ऐकली की आधी साखर, बोलणं नंतर.’ हेतललाही सांगून ठेवलं, पुण्याला प्रणितलाही. बाप काय नावाने हाक मारतो हे मुलाला फोनवर सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ ऑगस्ट

शुगर छान. सगळे खूश, मीही. मग कपडे वाळत घालताना रडू का आलं? ‘आशा, चिमटे लाव,’ आतून ओरडले. लावले.

२४ ऑगस्ट

सकाळपासून ‘वेणू, चाय दे’, ‘वेणू, पेपर कुठं हाय?’ दर वेळी धावले, दर वेळी मशीन लावलं — एकदम ठीक! शेवटी हे लाजत म्हणाले, ‘दवाखान्यात मी जागाच होतो. तुला आवडतं ना गो ते नाव?’

किती वर्षं वाट पाहिली याची! हात धरला यांचा आणि म्हटलं, ‘नका म्हणू. रोज म्हणालात तर खरी वेळ मला कशी कळणार? आशाच म्हणा.’

यांनी हात सोडवला नाही. मग म्हणाले, ‘बरं, आशा.’