आरशात बघ

एल्डन,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसतं नाव पुरे. हे पत्र पेटीतही टाकणार नाही. तुझ्यावर तिकीट कोण वाया घालवणार?

आपल्या कनेक्टिकटात बागेतून घरात आलं की नवरा-बायको एकमेकांची पाठ तपासतात. गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. मी पाठ बघायला सांगितली, त्या संध्याकाळी तुला मात्र टीव्हीवरचा बेसबॉल सोडवेना. "आरशात बघ की," म्हणालास.

पुढे मला ताप आला, गुडघे सुजले. डॉक्टरांनी गोचीड चावल्याचा लाल चट्टा शोधला, तो सापडला नाही, म्हणून सगळं वयावर ढकललं. तू लगेच मान डोलावलीस. "हिला नुसते लाड हवेत." अर्धा चेहरा लुळा पडला, तेव्हा कुठे गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचं निदान झालं. औषधांनी चेहरा सरळ झाला, तोवर तू कोरिनकडे राहायला गेला होतास. गुडघे अजून जिना चढू देत नाहीत.

गेल्या महिन्यात दवाखान्यात कोरिनच भेटली. तिचाही गुडघा टम्म सुजला होता. मी एवढंच विचारलं, "तुझी पाठ कोण बघतं?"

ती ओशाळली. "तो म्हणतो, आरशात बघ."

एल्डन, निदान वाक्य तरी नवीन शोधायचंस.

आता बागेतलं काम उरकलं की ती माझ्याकडे येते. तिची पाठ मी बघते, माझी ती. परवा सांगत होती, हल्ली तुझेही गुडघे धरतात.

तुमच्याकडे आरसा चांगला मोठा आहे म्हणे.

तुझी कुणीच नसलेली,
लोर्ना